कंपनीच्या लॅपटॉप-फोनसाठी दुरुस्तीचा प्लॅन: सगळ्यांना एकच घ्यायचा का?

कडीकुलूप

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तपशील न देता विचारला तर उत्तरंही मोघमच येतील, म्हणून सगळं लिहिते.

आमच्या कंपनीत साधारण १४० माणसं आहेत. माझं मूळ काम प्रशासनाचं. त्यातच कंपनीच्या मालकीचे लॅपटॉप, फोन, टॅब्लेट यांची खरेदी, वाटप आणि दुरुस्तीही माझ्याकडे येते. मदतीला एक सहकारी आहे, तो डिव्हाइस मॅनेजमेंटचं, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर बघतो. मशीन कोणाचंही बिघडो, शेवटी ते आमच्या दोघांच्या टेबलावर येतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या निमित्ताने थोडी मशीन बदलली, उरलेल्यांची पाळी आता आहे. या खरेदीत ९० विंडोज लॅपटॉप आहेत, डिझाइन विभागासाठी १५ मॅकबुक, फिरतीवरच्या लोकांसाठी ३५ आयफोन आणि गोदामात माल मोजण्यासाठी १२ आयपॅड.

लॅपटॉपसाठी विक्रेत्याने तीन पातळ्यांचं कोटेशन दिलं आहे. सगळ्यात खालच्या प्लॅनमध्ये मशीन सर्व्हिस सेंटरला पाठवायचं, ते दुरुस्त होऊन परत येणार. मधल्यात इंजिनिअर कामाच्या पुढच्या दिवशी आपल्या जागेवर येणार, ज्याला ते ‘नेक्स्ट बिझनेस डे’ म्हणतात. सगळ्यात वरच्यात हे तर आहेच, शिवाय पडणं-सांडणं असं अपघाती नुकसान, चोवीस तास फोनवर तज्ज्ञ माणूस आणि खराब झालेली ड्राइव्ह आपल्याकडेच ठेवायची मुभा. विक्रेता म्हणतो, सगळ्यांना वरचाच घ्या, तीन वर्षं निवांत. आमचा वित्त विभाग म्हणतो, सगळ्यांना खालचाच घ्या, लॅपटॉप काही रोज बिघडत नाहीत. मला दोन्ही पटत नाही, पण का पटत नाही हे आकड्यांत मांडता येत नाहीये.

माझ्याकडे बिघाडांची नोंद आहे, गेल्या खरेदीपासूनची. ती चाळली तर सर्वाधिक नोंदी बॅटरी आणि चार्जरच्या आहेत. त्याखालोखाल कीबोर्डवर सांडलेलं पाणी आणि फुटलेले स्क्रीन. फुटलेल्या स्क्रीनपैकी निम्मेअधिक कीबोर्डवर पेन किंवा इअरफोन राहिला आणि झाकण मिटलं, अशा प्रकारचे. बिजागऱ्या सैल होणं तिसऱ्या वर्षात सुरू होतं. मदरबोर्ड जाण्याचे प्रसंग अगदी थोडे, पण काम ठप्प होतं ते त्यांच्यामुळेच. टेबलावरून न हलणाऱ्या लॅपटॉपच्या नोंदी फार कमी आहेत. फिरतीवरच्यांच्या पुष्कळ.

एक प्रसंग सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच आला. पगार काढायच्या आठवड्यात पगारपत्रक करणाऱ्या सहकाऱ्याचं मशीन बंद पडलं. त्यावर पुढच्या दिवसाचा ऑनसाइट प्लॅन होता. इंजिनिअर आला, मदरबोर्ड गेल्याचं सांगितलं, पार्ट मागवला आणि गेला. पार्ट यायला आठवडा उलटला. तोवर ती दुसऱ्याच्या जागेवर, तो उठेल तेव्हा बसून काम करत होती. प्लॅनसाठी पैसे मोजूनही माणसाची अशी ओढाताण व्हावी हे मला मनापासून लागलं. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं की आम्ही वेळेतच आलो होतो. करार वाचला तर त्यांचं म्हणणं खरं होतं.

तर मला कळून घ्यायचं आहे की ‘पुढच्या दिवशी’ याचा नेमका अर्थ काय धरायचा. अपघाती नुकसानीचं कव्हर ९० च्या ९० मशीनना घेण्यात अर्थ आहे का? बॅटरी कशात धरतात? आणि आयफोन-आयपॅडचं गणित लॅपटॉपपेक्षा वेगळं आहे का? ज्यांनी प्रत्यक्ष हे निस्तरलं आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

वायरमन

तुमच्या पगाराच्या प्रसंगात इंजिनिअर म्हणून मीही असू शकलो असतो. उत्पादकांच्या अधिकृत सर्व्हिस पार्टनरकडे फील्डवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आतून दिसतं तसं सांगतो.

‘नेक्स्ट बिझनेस डे’ हे माणूस येण्याचं आश्वासन असतं. मशीन चालू होण्याचं नसतं. इंग्रजी करारात ‘रिस्पॉन्स’ आणि ‘रिपेअर’ असे दोन शब्द असतात, त्यातला कुठला लिहिला आहे ते आधी शोधा. ठरावीक वेळेत दुरुस्तीच पूर्ण करून देऊ, अशी हमी सर्व्हर आणि स्टोरेजच्या महागड्या करारांत मिळते. लॅपटॉपच्या नेहमीच्या प्लॅनमध्ये मी ती पाहिलेली नाही.

दुसरं, घड्याळ कधी सुरू होतं. तुम्ही फोन लावता तेव्हा नाही. फोनवर किंवा चॅटवर तपासणी पूर्ण होते, समोरचा माणूस ‘हो, पार्ट लागणार’ असं नोंदवतो, तिथून. त्यातही रोज एक कट-ऑफ वेळ असते, बहुधा दुपारची. ती उलटून गेल्यावर नोंद झाली तर ती दुसऱ्या दिवसाची धरतात. शुक्रवारी संध्याकाळी कॉल लागला तर सोमवार हा पहिला दिवस आणि माणूस मंगळवारी. हे सगळं करारात लिहिलेलं असतं, फक्त कोटेशनच्या पानावर नसतं.

म्हणून तपासणीचा वेळ वाचवणं तुमच्या हातात आहे आणि त्याचा फार फायदा होतो. मशीन अर्धवट चालू होत असेल तर कॉल करण्याआधीच त्याच्या आतली हार्डवेअर चाचणी चालवा. डेलमध्ये सुरू होताना एफ १२ दाबून डायग्नॉस्टिक्स निवडायचं, एचपीत एफ २. अ‍ॅपल सिलिकॉनच्या (अ‍ॅपलची स्वतःची चिप असलेल्या) मॅकवर पॉवरचं बटण दाबून धरायचं, पर्यायांचा पडदा आला की कमांड आणि डी. शेवटी जो एरर कोड दिसेल त्याचा फोटो काढा आणि कॉल लावल्या लावल्या तोच सांगा. ‘केबल काढून लावा, रीस्टार्ट करा’ हा अर्धा तास त्यामुळे वाचतो. तुमच्याकडे हाताने काम करणारा सहकारी आहे, त्यालाही उपयोगात आणा. डेलचं टेकडायरेक्ट नावाचं पोर्टल आहे, त्यावर कंपनीचा आपला माणूस प्रशिक्षण घेऊन थेट पार्ट मागवू शकतो. लेनोवो आणि एचपी काही पार्ट ग्राहकाने स्वतः बदलायचे म्हणून ठरवतात आणि ते कुरिअरने पाठवतात. रॅम, एसएसडी, काही मॉडेलमध्ये बॅटरी आणि कीबोर्डही. पुष्कळ वेळा इंजिनिअरची वाट पाहण्यापेक्षा हे लवकर होतं.

पार्टबद्दल विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा, तोही लेखी: आम्ही घेत असलेल्या या मॉडेलचा मदरबोर्ड आणि स्क्रीन आमच्या भागासाठी कुठल्या स्टोअरमध्ये ठेवता? अगदी नवीन आलेल्या किंवा बंद होत आलेल्या मॉडेलचे पार्ट हमखास अडकतात. ९० मशीन घेणार आहात ना, मग दोन फार तर तीन मॉडेलवर थांबा. विक्रेता स्टॉक संपवण्यासाठी पाच मॉडेलची खिचडी देऊ करेल, ती नाकारा. एकाच मॉडेलची मशीन असली की अगदी गळ्याशी आलं तर एका बंद मशीनमधली ड्राइव्ह दुसऱ्यात घालून माणसाला कामाला लावता येतं. फक्त बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्ह कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की हाताशी पाहिजे.

बॅटरीचं म्हणाल तर इथे बहुतेकांची फसगत होते. मशीनला तीन वर्षांची वॉरंटी असली तरी बॅटरीला बहुधा एकच वर्ष असतं, कारण तिला झिजणारा भाग धरतात. लेनोवोत ‘सील्ड बॅटरी’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, बाकीच्यांकडेही तशाच प्रकारची जोड असते. तुमच्या नोंदीत बॅटरी सर्वांत वर आहे, तेव्हा इंजिनिअर घरपोच बोलावण्यापेक्षा ही जोड तुम्हाला जास्त उपयोगी पडेल. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’ची बॅटरी रिपोर्टची आज्ञा दिली की मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात. हे वर्षातून एकदा सगळ्या मशीनवर चालवा आणि कव्हर संपायच्या आत क्लेम करा.

अजून एक गोष्ट, जी कोणी सांगत नाही. वॉरंटी सुरू होते ती मशीन पाठवल्याच्या किंवा बिलाच्या तारखेपासून. माणसाच्या हातात पडल्यापासून नव्हे. ९० एकदम मागवून त्यातली २० खोक्यात ठेवलीत, तर त्यांची वॉरंटी खोक्यातच सरते. डिलिव्हरी टप्प्याटप्प्याने मागा.

ताळेबंद

मी वित्त विभागाच्या बाजूचा, त्यामुळे तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं मला समजतं. पण ‘लॅपटॉप रोज बिघडत नाहीत’ हे वाक्य म्हणजे हिशेब नव्हे. हिशेब असा करता येतो. पुढचे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत, तुमच्या कोटेशनमधले घालून पाहा.

समजा, अपघाती नुकसानीच्या कव्हरला तीन वर्षांसाठी लॅपटॉपच्या किमतीच्या १० टक्के पडतात. ९० मशीनना घेतलं तर ९ नव्या लॅपटॉपचे पैसे झाले. आता समजा, स्क्रीन बदलायला किमतीच्या २५ टक्के लागतात. म्हणजे प्लॅनचे पैसे वसूल व्हायला तीन वर्षांत ३६ स्क्रीन फुटले पाहिजेत. टेबलावरच्या मशीनच्या बाबतीत तुमचीच नोंद सांगते की हे होणार नाही. आता फक्त फिरतीवरची ३० मशीन घ्या. प्लॅनला लागले ३ लॅपटॉपचे पैसे, वसुलीला लागतात १२ स्क्रीन, म्हणजे वर्षाला ४. फिरतीवरच्या ३० लोकांत वर्षाला चार स्क्रीन किंवा त्या तोडीचं नुकसान होतं का? तुमच्या नोंदीत बघा. होत असेल तर घ्या, दोन होत असतील तर घेऊ नका. पाणी सांडून बोर्ड गेला तर तो एकच दोन स्क्रीनइतका धरा.

या गणितात दोन गोष्टी जमेला धरायला विसरू नका. पहिली, अनेक प्लॅन वर्षाला एका मशीनमागे एकच अपघात मान्य करतात, आणि काही प्लॅन प्रत्येक वेळी वेगळं सेवाशुल्क घेतात. तेवढी प्लॅनची किंमत वाढली असं समजायचं. दुसरी, ओरखडे, चरे, हरवणं, चोरी हे अपघाती नुकसानीत सहसा येत नाही. फिरतीवरच्यांची मशीन हरवत असतील तर त्याला विमा हवा, सर्व्हिस प्लॅन नाही.

आता पगारपत्रकवाल्या बाई. त्यांच्यासाठी कुठलाही वरचा प्लॅन घेतलात तरी पार्ट अडकला की तुम्ही पुन्हा तिथेच. त्यांना हवं आहे स्टँडबाय मशीन, म्हणजे तयार ठेवलेलं जास्तीचं मशीन. टेबलावरच्या ६० मशीनचं अपघाती कव्हर सोडून दिलंत तर वरच्या उदाहरणात ६ लॅपटॉपचे पैसे वाचतात. त्यातल्या चार लॅपटॉपच्या पैशांत तीन-चार स्टँडबाय घ्या, सेटअप करून कपाटात ठेवा, उरलेले पैसे किरकोळ दुरुस्तीसाठी बाजूला काढा. वित्त विभागाला मी असंच सांगितलं असतं: खर्च तेवढाच किंवा कमी, आणि माणूस तासाभरात कामाला. स्टँडबाय मशीन मात्र नुसती पडून राहू देऊ नका. दर काही महिन्यांनी चालू करून अपडेट करा आणि आलटून पालटून वापरात आणा, नाहीतर हवी तेव्हा बॅटरी फुगलेली निघेल.

मुदतीबद्दल: लॅपटॉप किती वर्षं वापरणार हे आधी ठरवा, मग तितक्याच वर्षांचा प्लॅन. चार वर्षं वापरायचा आणि प्लॅन तीन वर्षांचा, म्हणजे बिजागऱ्या आणि बॅटरी जाण्याच्या नेमक्या वर्षी हात रिकामे. नंतर मुदत वाढवून मिळते, पण सहसा चालू वॉरंटी संपायच्या आतच, आणि महाग. खरेदीच्या वेळीच चौथ्या वर्षाचा भाव मागून ठेवा.

चंद्रकोर

मी एका संस्थेत मोबाईल आणि मॅकचं व्यवस्थापन बघते, तेव्हा फक्त माझ्या भागापुरतं. (वायरमन यांच्या बॅटरीच्या मुद्द्याला माझं अनुमोदन.)

आयफोन-आयपॅडचं गणित खरंच वेगळं आहे. अ‍ॅपलकेअर प्लसमध्ये (हा अ‍ॅपलचा स्वतःचा सर्व्हिस प्लॅन) २०२२ पासून अपघाती नुकसानीच्या घटनांना मर्यादा नाही. पूर्वी १२ महिन्यांत दोनच मान्य व्हायच्या. पण प्रत्येक घटनेला सेवाशुल्क आहे, आणि स्क्रीनचं शुल्क बाकी नुकसानीपेक्षा बरंच कमी आहे. बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की ती प्लॅनमध्येच बदलून मिळते. फिरतीवरच्या फोनला हे फार उपयोगाचं, कारण ते रोज चार्ज होतात. अ‍ॅपलचा स्वतःचा आकडा असा: आयफोन १४ पर्यंतच्या फोनची बॅटरी ५०० चार्ज-चक्रांनंतर (पूर्ण क्षमतेइतकी बॅटरी वापरली की एक चक्र), तर आयफोन १५ पासून १००० चक्रांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशी बनवली आहे. म्हणजे नवे फोन दोन वर्षांतच बदलणार असाल तर बॅटरीसाठी म्हणून प्लॅन घ्यायची गरज उरत नाही. तीन-चार वर्षं चालवणार असाल तर आहे.

गोदामातल्या १२ आयपॅडसाठी मी प्लॅन घेणार नाही. त्यांना चांगलं जाड कव्हर आणि हाताला अडकवायचा पट्टा घ्या, आणि एक आयपॅड जास्तीचा. ते सगळे एकसारखे असतात, माणसाचा खासगी डेटा त्यांत नसतो, एक पडला तर दुसरा उचलून पाच मिनिटांत काम सुरू होतं.

आता प्लॅनच्या कागदावर नसलेला भाग. दुरुस्तीत मशीन परत येतं तेव्हा तुमच्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ते बहुधा वेगळं मशीन असतं. फोन बदलून मिळाला तर सीरियल नंबर नवा. तो अ‍ॅपल बिझनेस मॅनेजरमध्ये (कंपनीच्या अ‍ॅपल उपकरणांची नोंद असलेल्या पोर्टलमध्ये) दिसतो का आणि तुमच्या सर्व्हरला जोडलेला आहे का, हे माणसाच्या हातात फोन देण्याआधी तपासा. दुरुस्तीला देताना अ‍ॅक्टिव्हेशन लॉक (फोन एखाद्याच्या अ‍ॅपल खात्याला बांधणारं कुलूप) उघडलेलं पाहिजे, नाहीतर काउंटरवरूनच परत पाठवतात. ज्याच्या नावाने लॉक आहे तो माणूस नोकरी सोडून गेला असेल तर मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधल्या बायपास कोडशिवाय मार्ग अवघड आहे. म्हणून सुपरव्हाइज्ड, म्हणजे कंपनीच्या पूर्ण ताब्यातल्या, डिव्हाइसचे ते कोड सॉफ्टवेअरमध्ये खरंच साठवले जातात का, हे आजच बघून ठेवा.

विंडोजमध्ये मदरबोर्ड बदलला की टीपीएम चिप (बिटलॉकरची किल्ली सांभाळणारी) बदलते, म्हणून मशीन चालू होताना बिटलॉकर रिकव्हरी की मागतं. ती केंद्रीय पातळीवर साठवलेली नसेल तर ड्राइव्ह धडधाकट असूनही डेटा गेला. ऑटोपायलट (नवं विंडोज मशीन आपोआप कंपनीच्या सेटअपला जोडणारी सेवा) वापरत असाल तर बोर्डाबरोबर हार्डवेअर हॅश, म्हणजे मशीनची ओळखखूणही बदलते. जुनी नोंद काढून नव्याने नोंदणी करावी लागते. इंजिनिअर हे करत नाही, ते तुमच्या सहकाऱ्याचं काम, आणि त्याचा वेळ प्लॅनच्या किमतीत धरलेला नसतो.

ड्राइव्ह स्वतःकडे ठेवायच्या मुभेबद्दल: हे कव्हर नसेल तर बदललेला सदोष पार्ट उत्पादकाच्या मालकीचा होतो आणि तो परत द्यावा लागतो. पगार, वैद्यकीय माहिती, ग्राहकांची कागदपत्रं ज्या मशीनवर आहेत तिथे ही मुभा घ्या. पण आधी मॉडेल बघा. ड्राइव्ह बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर ही मुभा लागू होत नाही. अ‍ॅपल सिलिकॉनच्या मॅकबुकमध्ये तर स्टोरेजच्या चिप लॉजिक बोर्डावरच आहेत. बोर्ड बदलला की डेटा गेलाच, बॅकअप हाच उपाय. तिथे सुरक्षितता एन्क्रिप्शनवर सोपवायची, म्हणून फाइलव्हॉल्ट (मॅकमधली एन्क्रिप्शनची सोय) सगळ्या मॅकवर चालू आहे याची खात्री करा.

कडीकुलूप

तिघांचेही मनापासून आभार. तुमची उत्तरं समोर ठेवून आमच्या नोंदी पुन्हा लावल्या. आतापर्यंत त्या तारखेनुसार होत्या, आता माणूस काय काम करतो आणि मशीन किती हलतं त्यानुसार लावल्या. चित्र अगदी वेगळं दिसतंय.

फिरतीवरच्यांकडे ९० पैकी २८ लॅपटॉप जाणार आहेत. त्यांच्या मागच्या तीन वर्षांतल्या स्क्रीन, पाणी आणि बिजागरीच्या नोंदी ताळेबंद यांच्या हिशेबात घातल्या तर प्लॅनची बाजू स्पष्टपणे जड होते. त्यांना अपघाती कव्हर घेणार. बिजागरीबद्दल विक्रेत्याला विचारलं, तेव्हा कळलं की ती वापराने सैल झाली तर झीज म्हणून नाकारतात, पडून तुटली तर मान्य करतात. त्यामुळे त्या नोंदी हिशेबातून वगळून पाहिल्या, तरी उत्तर बदललं नाही.

टेबलावरच्या ६२ मशीनना मधला ऑनसाइट प्लॅन घ्यायचा की सेंटरला पाठवायचा, यावर मी अडकले होते. वायरमन यांनी घड्याळाचं जे सांगितलं त्यावरून वाटतं की स्टँडबाय मशीन हाताशी असली तर इंजिनिअर उद्या आला काय आणि चार दिवसांनी आला काय, माणसाचं काम अडत नाही. मग खालचा प्लॅन पुरेसा आहे. अपवाद फक्त हिशेब आणि मनुष्यबळ विभागाचा. त्यांची मशीन बाहेर पाठवायचीच नाहीत, कारण त्यांवर सगळ्यांच्या पगाराची आणि ओळखपत्रांची माहिती आहे. त्यांना ऑनसाइट आणि ड्राइव्ह ठेवायची मुभा दोन्ही. मॉडेलही असं निवडलं आहे की ड्राइव्ह स्क्रू काढून बाहेर येते. पगारपत्रक करणाऱ्या सहकाऱ्याला हे सांगितलं. तिने स्टँडबाय मशीनवर तिचं सॉफ्टवेअर आधीच टाकून ठेवायला सांगितलं आहे, ते मला सुचलं नसतं.

आयपॅडबद्दल चंद्रकोर यांचं तंतोतंत मान्य. फोन तीन वर्षं चालवणार आहोत, म्हणून त्यांना अ‍ॅपलकेअर प्लस घेऊ. मॅकबुकचं अजून ठरत नाही, डिझाइनवाले ती जागेवरून हलवत नाहीत.

एक शेवटची अडचण. मागच्या खरेदीतली काही मशीन अजून वर्षभर चालणार आहेत आणि त्यांच्या वॉरंटीच्या तारखा कुठेही एकत्र नाहीत. विक्रेत्याने पाठवलेल्या बिलांवर सीरियल नंबर धड छापलेले नाहीत. एकेक मशीन उलटं करून स्टिकर वाचण्याशिवाय मार्ग आहे का?

वायरमन

आहे. सीरियल नंबर बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये असतो. तुमच्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरच्या डिव्हाइस यादीत तो स्तंभ असणारच, ती यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या. डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग म्हणजे तोच. डेलकडे टॅगची यादी एकदम टाकली की प्रत्येकाचा प्लॅन आणि शेवटची तारीख मिळते. लेनोवो आणि एचपीच्या वॉरंटीच्या पानांवरही एकाहून अधिक नंबर एकदम तपासायची सोय आहे. आलेल्या तारखा यादीत घालून संपण्याआधी ९० दिवस आणि ३० दिवस अशा दोन आठवणी लावा.

हे झालं की पहिलं काम म्हणजे वर्षाच्या आत वॉरंटी संपणाऱ्या सगळ्या मशीनची बॅटरी रिपोर्ट काढा. बॅटरीचं कव्हर घेतलेलं असेल तर क्षमता कितीखाली गेल्यावर बदलून देतात हे करारात बघून लगेच क्लेम लावा. आणि ज्या मशीनचा टॅग दुसऱ्याच कंपनीच्या नावावर दिसेल, ती वेगळी काढा. विक्रेत्यामार्फत घेतलेल्या मालात असं होतं. मालकी आपल्या नावावर करून घेण्यासाठी डेलच्या संकेतस्थळावर अर्ज आहे, बिलाची प्रत मागू शकतात. कॉल लावायची वेळ येण्याआधीच तेवढं उरकून घ्या, कारण नावाची ती दुरुस्ती होईपर्यंत काही वेळा कॉलच नोंदवून घेत नाहीत.

चंद्रकोर

मॅकबुकचं: १५ जणांपैकी कोणाचं मशीन बंद पडलं तर काम किती अडतं, हे डिझाइन विभागालाच विचारा. आमच्याकडे तिथे स्टँडबाय मॅक एकच आहे, पण टाइम मशीनचा (मॅकमधल्या बॅकअपच्या सोयीचा) बॅकअप रोज होतो, त्यामुळे त्या मॅकवर अर्ध्या दिवसात माणूस आपल्या सगळ्या फायलींसह कामाला लागतो. मशीन जागेवरून हलत नसतील तर मी प्लॅनच्या आधी हे दोन करेन. अ‍ॅपलकेअर प्लस नंतरही घेता येतं, पण खरेदीपासून ठरावीक मुदतीतच. बहुतेक ठिकाणी ती ६० दिवसांची आहे, तेव्हा मॅक हातात आल्यावर महिनाभर बघून ठरवलंत तरी चालेल.